यरुशलेमचं मावंदं

आमच्या गल्लीतल्या होंगेच्या झाडांना पालवी फुटली की मला कुणाशीतरी भांडावंसं वाटतं. होंगे म्हणजे आपला करंज. पण सगळा जन्म बेंगळुरात गेल्यावर करंज म्हणायला जीभ वळत नाही. उन्हाळा तोंडावर आला की हे झाड थोडे दिवस ओकंबोकं उभं राहतं, आणि मग एका सकाळी बघावं तर तेल चोपडल्यासारखी चकचकीत पोपटी पानं. लोक खाली उभं राहून फोटो काढतात. मी खिडकी लावून घेते. ही पानं आली की उगादी आली, उगादीच्या आगेमागे आमचे लेंटचे, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस आले, आणि त्या दिवसांबरोबर बाबा आलेच. येतात म्हणजे आठवतात. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

परवा उपासना संपल्यावर आमच्या तरुण पाळकसाहेबांनी सांगितलं, मंडळीतली काही जणं पवित्र भूमीच्या टूरला चालली आहेत. देवनहळ्ळीहून विमान, यरुशलेम, यार्देन नदी, येताना पिरॅमिड. चहा-नाश्ता धरून, उंटाची सफर वेगळी. टाळ्या झाल्या. शेजारी बसलेली मुलगी मला म्हणाली, "आंटी, तुम्हीपण चला ना, मस्त होईल!" मी म्हटलं, "मला उंट सोसत नाही गं." ती खो खो हसली. तिला काय ठाऊक? याच देवनहळ्ळीच्या आसपासच्या खेड्यांत माझे बाबा सायकलवरून प्रचाराला जायचे आणि येताना कॅरिअरला चकोत्यांची, म्हणजे पपनसांची, पिशवी बांधून आणायचे. हेब्बाळच्या तळ्यापाशी थांबून तोंड धुवायचे, म्हणून घरी यायचे ते ओल्या कॉलरनं. त्या देवनहळ्ळीहून आता विमानं उडतात.

बाबा मिशनचे पाळक होते. आमची मराठी मंडळी मूठभर: कुणी रेल्वेतले, कुणी पलटणीतून निवृत्त झालेले, कुणी नगर-बेळगावकडून पोटामागं आलेले. चर्चही आमचं स्वतःचं नव्हतं. सकाळी तमिळ लोकांची उपासना, त्यानंतर कन्नड, आणि दुपारी छपराचे पत्रे तापले की आमचा नंबर. घाम पुसत पुसत भजनं म्हणायची. तरी बाबांचा आवाज लागला की पत्र्यांचं काही वाटायचं नाही, हे मी त्यांची मुलगी म्हणून सांगत नाही. खरंच तसा होता.

पण बाबा जन्मानं ख्रिस्ती नव्हते. बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणाऱ्या हिंदू कुटुंबातले ते थोरले. विशीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आजोबांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. म्हणायची पद्धत म्हणून सांगत नाही, खरोखर केली. विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या पंचानं घरात येऊन म्हणाले, "माझा थोरला गेला." घरातल्या सगळ्यांनी आंघोळी केल्या. अज्जीनं नाही केली. "मला ताप होता त्या दिवशी," असं ती पुढं सगळ्यांना सांगायची. ताप-बीप काही नव्हता, हे गोदाक्कानं, म्हणजे माझ्या आत्यानं, मला सांगितलं.

आजोबा गेल्यावर अज्जी आणि गोदाक्का राजाजीनगरात नव्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. गोदाक्काला नवरा नव्हता राहिलेला. ती शाळेत शिवण शिकवायची. भिंतींना ताज्या चुन्याचा वास, समोर मोकळं मैदान, आणि मैदानात अजून न बांधलेल्या घरांचे नुसते दगडी पाये. तिथं अज्जीनं पहिल्यांदा आपल्या मनासारखं वागायला सुरुवात केली, आणि तिच्या मनात पहिली गोष्ट होती आमच्याकडं यायची. सुरुवातीला स्वतःच्या पाण्याचा तांब्या घेऊन यायची. मग एक दिवस आईनं पुढं केलेली कॉफी तिनं घेतली. "कॉफीत दूध असतं, दुधाला कसला दोष?" असं स्वतःच विचारून स्वतःच "सरी, सरी" म्हणाली आणि पेला रिकामा केला. माझी आई नगरची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "मग भात पण दुधातच कालवून देते पुढच्या वेळी." अज्जीला हसू आवरेना. माझं नाव मार्था. ते काही अज्जीच्या तोंडात बसलं नाही, तिनं माझी मथी केली.

या अज्जीनं बाबांकडं एकच गोष्ट मागितली होती. आमच्याच घरी, पाटावर बसून, शेंगा सोलता सोलता.

"अण्णा, मला एकदा काशीला ने."

थोरला म्हणून घरात सगळे बाबांना अण्णाच म्हणायचे. बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आई, मी प्रचारक आहे गं. पाण्यानं पाप धुतलं जात नाही असं लोकांना सांगत खेडोपाडी हिंडतो, आणि तुला गंगेत बुडी मारायला मीच घेऊन जाऊ?"

"तू कुठं मार म्हणते बुडी? तू काठावर बस. माझं लुगडं राख."

आई पदरात तोंड घालून हसली. बाबा नाही हसले. म्हणाले, ओळखीतल्या कुणाबरोबर पाठवतो, सगळी व्यवस्था करतो. अज्जीनं सोललेले दाणे एका बाजूला केले. "पोटचा पोरगा धडधाकट असताना परक्याचा हात धरून जाऊ काशीला? राहू दे." त्यावर पुन्हा ती काही बोलली नाही. आणि हेच वाईट होतं. तिनं हट्ट केला असता, रडली असती, चार शब्द सुनावले असते तर बाबांना तिच्याशी वाद घालता आला असता. वादात ते कुणाला ऐकायचे नाहीत. पण ती दर खेपेला यायची, कॉफी प्यायची, आणि काशीचं नावही न काढता परत जायची. मग बाबा बराच वेळ अंगणात सायकल पुसत बसायचे.

अशात ते निमंत्रण आलं. एका परदेशी मिशननं इथल्या काही पाळकांना पवित्र भूमी दाखवायची ठरवली होती. मुंबईहून बोट, वाटेत कैरो, मग यरुशलेम. जिथं प्रभू चालला तिथं प्रार्थना, आणि जाता-येता जग बघायचं. मंडळीत आनंदीआनंद झाला. सॅम्युएल मास्तर म्हणून आमच्या मंडळीचे वडीलधारे होते, पलटणीतून आलेले, ताठ मिशांचे. त्यांनी बाबांना मिठीच मारली. घरोघर चहाला बोलावणी झाली, प्रत्येकानं आपापली प्रार्थना सांगून ठेवली. आमच्या घरात मात्र बाबा चोरासारखे वावरत होते. आईनं एकदा विचारलंच, "राजाजीनगरला कधी सांगणार? बोटीत बसल्यावर?"

शेवटी गेलो. मी सायकलच्या पुढच्या दांडीवर. अज्जी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. बाबा म्हणाले, "आई, मिशनच्या कामानं जरा बाहेरदेशी जाऊन येतो."

"कसलं काम?"

"प्रार्थना... म्हणजे तिथली ठिकाणं बघायची."

अज्जीनं सूप खाली ठेवलं. "देवाचं ठिकाण बघायला जातोस ना? मग यात्रा म्हण की रे. यात्रेला यात्रा म्हणायची लाज कसली?"

मला वाटलं आता काशी निघणार. बाबांनाही वाटलं असणार. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. पण अज्जी उठली, आत गेली, आणि एका फडक्याच्या तुकड्यात सुपारी आणि चार अक्षता बांधून घेऊन आली. आमच्याकडं रीत आहे: कुणी यात्रेला निघालं की ज्याला जाता येत नाही तो आपल्या नावाची सुपारी त्याच्याजवळ देतो. माणूस नाही गेलं तरी सुपारी जाते. "माझ्या नावानं ठेव तिथं," ती म्हणाली. "तुझा देव काही माझ्यावर रागवायचा नाही. मी त्याचं काय वाईट केलंय? आपला पोरगा दिलाय त्याला."

घरी आईनं ती पुरचुंडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "पाळकाच्या खिशात अक्षता! कुणी बघितलं म्हणजे?"

"खायची सुपारी आहे म्हणेन."

"जन्मात कधी खाल्लीत?"

बाबा कसंनुसं हसले आणि पुरचुंडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

ते गेल्यानंतरचे दिवस मला आता हवेसकट आठवतात. होंगेखालून चाललं की पायाखाली वाळक्या पानांचा चुरा, वर नवी पानं. दुपारी अचानक आंब्याचा पाऊस यायचा, मोहोर खाली आणायचा आणि निघून जायचा; मग मातीतून वाफा. लेंट म्हणून आई एकवेळ जेवत होती. सुट्टीत मी राजाजीनगरला गेले तर अज्जीही एकवेळ. "अण्णा यात्रेत आहे ना, तो येईपर्यंत मीपण धरलंय," ती म्हणाली. दोन घरांत दोन बायका एकाच माणसासाठी अर्धपोटी, आणि एकमेकींना पत्ता नाही. मी दोघींना सांगून टाकलं. दोघींनी ऐकून घेतलं, उपास काही सोडला नाही. उगादीला अज्जीनं बेवु-बेल्ला हातावर ठेवलं, कडुलिंब आणि गूळ. मी शहाणपणानं नुसता गूळ उचलायला गेले तर तिनं टपली मारली. "दोन्ही मिळूनच खायचं असतं गं मथी. निवडायचं नसतं."

कैरोहून फोटो आला. पिरॅमिडसमोर उंट, उंटावर बाबा, डोक्याला रुमाल गुंडाळलेला, आणि तोंडभर हसू. आई म्हणाली, "बघा, उंटावरचा शहाणा!" पण ती फोटो पुन्हा पुन्हा बघत होती. मी तो अज्जीला दाखवायला नेला तर तिनं ठेवूनच घेतला आणि देव्हाऱ्यातल्या तसबिरीच्या चौकटीत खोचला. मारुतीच्या शेजारी उंटावर माझे ख्रिस्ती बाबा. "हसतोय बघ," ती गोदाक्काला म्हणाली. "किती वर्षांनी हसतोय. देवाला गेलं की माणूस हसतं."

पुढं त्या फोटोचा विषय निघाला की बाबा उठून जायचे. एकदाच, मी मोठी झाल्यावर, म्हणाले, "मार्था, त्या उंटावर बसलो होतो तेव्हा मी आईचं काशीचं विसरलो होतो. अगदी पार. सुपारी खिशात होती आणि मी विसरलो होतो. म्हणून तसा हसतोय." मी म्हटलं, माणूस हसला तर पाप होतं का? ते म्हणाले, "हसण्याचं नव्हे गं."

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, ते आले. मंडळी थेट स्टेशनवर झावळ्या घेऊनच आली होती. हमाल बघत राहिले. बाबा उन्हानं काळवंडलेले, खांद्याला पिशवी, पिशवीत जैतुनाच्या लाकडाचे क्रूस आणि यार्देनच्या पाण्याची बाटली. त्या गर्दीत मागं गोदाक्का उभी होती. तिनं निरोप दिला: अज्जीनं उद्या सगळ्यांना जेवायला बोलावलंय. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी सॅम्युएल मास्तरांनाही आग्रह केला. "चला तुम्ही पण. माझी आई बघा." आपल्या आईच्या घरी एका ख्रिस्ती वडीलधाऱ्याला मान मिळणार, याचं त्यांना केवढं अप्रूप!

ते जेवण म्हणजे मावंदं होतं. काशी करून कुणी परत आलं की घरी मावंदं घालतात. आणलेल्या गंगेची पूजा, यात्रा करून आलेल्याचे पाय धुवायचे, मग जेवणं. बाबांना हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण यरुशलेमचं मावंदं कुणी घालेल हे त्यांच्या स्वप्नात कसं यावं? आम्ही पोचलो तेव्हा दाराला आंब्याचं तोरण, अंगणभर रांगोळी, शेजारच्या बायका नवी लुगडी नेसून ओळीनं उभ्या. आतून होळिगेचा, म्हणजे पुरणपोळीचा वास, तूप, वेलदोडा. आणि उंबऱ्यात अज्जी, हातात तांब्या, पुढं पितळी परात.

"थांब, आत येऊ नकोस," ती म्हणाली. तिचा चेहरा लग्नघरासारखा झाला होता. "पाय पुढं कर."

"आई, हे काय?"

"यात्रेकरूचे पाय धुवायचे असतात रे. आई असली तरी. तुझे कुठं धुतेय मी? जिथं जाऊन आलास त्या वाटेचे धुतेय."

असं म्हणून ती खाली बसली. गुडघ्यावर हात टेकत टेकत, हळूहळू बसली. तिनं बाबांच्या पायाकडं हात नेला आणि बाबांनी पाय मागं घेतला. झटकन, विस्तवावरून घ्यावा तसा. परातीला धक्का लागला, तांब्या कलंडला, अज्जीचं लुगडं भिजलं. रांगोळीवरून पाणी वाहत गेलं. बायका "अय्यो अय्यो" करत मागं सरल्या.

"हे मला चालायचं नाही, आई. हे माझ्या धर्मात बसत नाही." बाबांनी एकदा सॅम्युएल मास्तरांकडं पाहिलं, एकदा शेजारच्या बायकांकडं. त्यांचा आवाज, तो उपासनेतला आवाज, कुठल्या कुठं गेला होता. मग त्यांनी खिशातून ती पुरचुंडी काढली. "आणि ही पण नाही ठेवता आली मला. प्रभूच्या थडग्याच्या दारापर्यंत नेली. हात खिशात होता. मागचे ढकलत होते... नाही काढली."

अज्जी ओल्या लुगड्यानं तशीच बसून होती. "सुपारी एवढीशी," ती म्हणाली. "तिला कुठं रे जागा लागत होती?"

बाबा वळले आणि निघून गेले. मागोमाग मास्तर. आई जाईल असं मला वाटलं. तीच नाही का अक्षतांवरून बोलली होती! पण आईनं चपला काढल्या, अज्जीला दंडाला धरून उठवलं, आणि म्हणाली, "मी जेवल्याशिवाय जायची नाही. पानाला पाठ दाखवायची आमच्या नगरला पद्धत नाही." आम्ही जेवलो. अज्जीनं वाढलं, आग्रह केला, स्वतः नाही जेवली. बाबांनी दाखवायला आणलेली ती यार्देनच्या पाण्याची बाटली तिथंच राहिली होती. अज्जीनं तिला हळद-कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवली. होळिगे छान झाली होती, हे सांगायलाही मला लाज वाटते, पण झाली होती.

त्याच आठवड्यात पाय धुण्याचा गुरुवार. प्रभूनं शेवटच्या रात्री आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून आमच्याकडं त्या दिवशी पाळक मंडळीतल्या काही जणांचे पाय धुतो. एक शिष्य तेव्हा पाय मागं घेतो, नको म्हणतो, हेही त्या कथेत आहेच. बाबा दर वर्षी त्यावर बोलायचे: सेवा करणं सोपं, दुसऱ्याला आपली सेवा करू देणं अवघड. त्या संध्याकाळी ते काही बोलले नाहीत. कंबरेला टॉवेल बांधून सॅम्युएल मास्तरांपुढं गुडघ्यावर बसले. मास्तरांनी पाय पुढं केला. बाबांनी तो हातात घेतला आणि तसेच थांबले. मग त्यांनी पाय अलगद खाली ठेवला, टॉवेल सोडून मास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही. मला क्षमा करा." बाजूच्या दारानं बाहेर गेले. मी आईकडं बघितलं. ती मान खाली घालून रडत होती, आणि माझी आई अशी चारचौघांत रडणाऱ्यातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना आटोपल्यावर, बाबांनी मला सायकलवर घेतलं. अज्जी उंबऱ्यातच होती. बाबांनी सायकल भिंतीला लावली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आई, काशीला जाऊ. मी नेतो."

"तुझं मिशन?"

"बघू."

"तुझी माणसं तुला बाहेर काढतील रे. एकदा एकांनी काढलं, आता दुसरे काढतील. किती वेळा घरातून निघणार तू?" तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "जेवलायस का?"

"उपास आहे."

"माझा सुटला. तू आलास ना यात्रेहून." मग म्हणाली, "उन्हाळा जाऊ दे. पावसात नदीला पूर असतो म्हणतात. दिवाळी झाली की जाऊ. काशी काय पळून चाललीय? ती सुपारी ठेव नीट. तिथंच वाहू." त्या दिवशी दोघं पुष्कळ वेळ गप्पा मारत बसले. गाडी कुठली, मुक्काम कुठं, तिथं थंडी किती, अज्जीची स्वेटर घालायची तयारी नव्हती. मला आयुष्यात बाबा एवढे हलके झालेले दुसऱ्यांदा दिसले नाहीत.

अज्जी दिवाळीपर्यंत राहिली नाही. श्रावणात, बेंगळूरचा तो दिवसभर भुरभुरणारा पाऊस चालू असताना, ताप आला, तो छातीत गेला. या खेपेला ताप खरा होता. शेवटी गोदाक्का देव्हाऱ्याशी गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. घरात गंगा नव्हती. घरातलं कुणी काशीला गेलंच नव्हतं, तर येणार कुठून? मग पुन्हा जाऊन तिनं ती यार्देनची बाटली आणली, हळद-कुंकवाची बोटं उठलेली. "अण्णा, हेच आहे." बाबांनी चमचाभर पाणी अज्जीच्या तोंडात घातलं. अज्जीनं गिळलं. मी दारात उभी राहून पाहिलं आहे, म्हणून सांगते, तिनं गिळलं. बाबा मात्र त्यानंतर कितीतरी दिवस म्हणत राहिले, "नदी चुकली माझी. चुकीची नदी घेऊन आलो."

दिवाळीनंतर ते काशीला गेले. बरोबर गोदाक्का, अज्जीच्या अस्थी आणि अज्जीचं ते मावंद्याच्या दिवशी भिजलेलं लुगडं. विधी सगळे गोदाक्कानं केले. बाबा देवळात गेले नाहीत, बुडी मारली नाही. "काठावर बसला होता," गोदाक्का सांगायची. "मांडीवर आईचं लुगडं. घडी घालून, त्यावर दोन्ही हात ठेवून. मी बुडी मारून आले, केस पुसले, कपडे बदलले, तरी उठेना. मी म्हटलं, अण्णा, चल. तर म्हणाला, थांब, तिनं राखायला सांगितलंय." सुपारी तेवढी त्यांनी स्वतःच्या हातानं पाण्यात सोडली.

ही गोष्ट लपून राहणार होती थोडीच! मिशनकडं तक्रार गेली, बाबांना विचारणा झाली. सॅम्युएल मास्तर त्यांची बाजू घेऊन भांडले, हे मला सांगितलंच पाहिजे. पण बाबांनी आपली बाजू घेतलीच नाही. "चुकलो," एवढंच म्हणाले. त्यांचं व्यासपीठ पुष्कळ दिवस बंद राहिलं. त्या दिवसांत दुपारच्या उपासनेला ते शेवटच्या बाकावर बसून आमच्याबरोबर घाम पुसत भजनं म्हणायचे. आईला राहवलं नाही. "काशीला गेलात त्याला चूक म्हणता?" तिनं घरी विचारलं. बाबा म्हणाले, "गेलो त्याला कोण म्हणतंय? उशिरा गेलो, त्याला म्हणतो."

पुढं व्यासपीठ परत मिळालं, वर्षं गेली, केस पिकले. दर लेंटला ते पाय धुण्याचा गुरुवार पाळायचे, मंडळीचे पाय धुवायचे; पण स्वतःच्या पायाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले तेव्हाही मी पाणी घेऊन गेले की पाय मागं घ्यायचे. मी चिडायचे. "अहो, निदान स्वच्छता म्हणून तरी!" तर म्हणायचे, राहू दे, आईला येऊ दे. आई म्हणजे माझी आई, असं समजून मी तिला हाक मारायचे.

मग एकदा असेच हे दिवस होते. खिडकीबाहेर होंगेला नवी पानं. मी परात ठेवली, खाली बसले. माझेही गुडघे तोवर कुरकुरायला लागले होते, हात टेकत टेकत बसले. बाबा माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पाय पुढं केला.

"आई," ते म्हणाले, "धू."

मी आई नाही, असं मी म्हटलं नाही. दोन्ही पाय धुतले, पुसले, आणि अज्जीनं केलं असतं तसं परातीतलं पाणी बोटांनी डोळ्यांना लावलं.